मास्तरांची चक्रवाढ

किशनरावांच्या आजाराला घरात नाव नव्हतं. औशाच्या बाजारात कुणी तब्येत विचारली तर 'लघवीचा जरा त्रास होता, इलाज झाला' एवढंच सांगायचं असं ठरलेलं होतं. आजार ज्या गाठीत होता, ती गाठ चारचौघांत बोलण्याच्या जागी नव्हती. गुडघा असता तर गावभर चर्चा झाली असती, हृदय असतं तर पाव्हणेरावळे सफरचंदं घेऊन भेटायला आले असते. प्रोस्टेटसाठी कुणी सफरचंदं आणत नाही.

तर या बिननावाच्या आजारावर किशनरावांनी लातूरच्या एका दवाखान्यात शेक घेतले. रेडिएशनला आपल्याकडे शेकच म्हणतात. रोज एसटीनं जायचं, यंत्राखाली निजायचं, परत यायचं. शेक म्हटल्यावर कस्तुराबाईंना वाटलं, अंगात उष्णता भरत असणार, म्हणून त्यांनी भर पावसाळ्यात नवऱ्याला ताक पाजून पाजून बेजार केलं. शेक संपले त्याला आता दीड वर्ष होत आलं होतं. अधूनमधून रक्त द्यायचं आणि पीएसए नावाचा आकडा बघायचा, एवढंच काम उरलं होतं.

हा आकडा सुरुवातीला अकरा होता. पुढं तो चार झाला, दोन झाला, एक झाला, आणि तो असा उतरत चालला तशा कस्तुराबाई काळजीत पडल्या. नात पुनम लातूरला नीटच्या, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेच्या, क्लासला होती. तिचे मार्क वाढले की घरात पेढे यायचे, घसरले की कुणी धड जेवायचं नाही. इथं तर नवऱ्याचे मार्क दर तपासणीला घसरत होते. शेवटी किशनरावांना खुलासा करावा लागला की हा उलट्या गणिताचा पेपर आहे, यात जितकं कमी तितकं बरं. "असला कसला पेपर," म्हणून कस्तुराबाईंनी तो विषय सोडून दिला.

सगळ्यात खाली तो आकडा शून्य पूर्णांक सहाला टेकला. तिथून मात्र त्यानं तोंड फिरवलं. पुढच्या खेपेला शून्य पूर्णांक नऊ आला, आणि संक्रांतीच्या तोंडावर आला दीड.

आता शहाण्या माणसानं हा कागद घेऊन डॉक्टरकडं जावं. पण किशनरावांच्या डॉक्टर म्हणजे भार्गवीबाई, वयानं त्यांच्या सुनेएवढ्या. शेकाच्या दिवसांत त्या जे जे प्रश्न विचारायच्या, त्यांची उत्तरं किशनरावांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत दिली होती. 'लघवी अडते का' इथपर्यंत ठीक होतं, त्याच्या पुढचे प्रश्न आठवले तरी त्यांचे कान तापायचे. आकडा खाली येत होता तोवर त्यांनी कसंबसं निभावलं. आता चढल्यावर बाई अजून काय काय विचारतील या धास्तीनं त्यांनी तिकडं जायचंच टाळलं, आणि कागद नेला तो मडिवाळप्पा मास्तरांकडं.

मडिवाळप्पा मास्तर जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, विषय गणित. त्यांनाही हाच आजार झाला होता. फरक एवढाच की त्यांनी सोलापूरला जाऊन ऑपरेशन करून घेतलं होतं. पंचक्रोशीत या विषयावर मोकळं बोलू शकणारी ही दोनच माणसं, त्यामुळं शाळेच्या कट्ट्यावर त्यांची बैठक रोज जमायची. मास्तरांनी चष्मा पुसला, कागद लांब धरला, मग जवळ धरला.

"माझा आकडा ठाऊक हाय न्हवं तुम्हाला?" मास्तर म्हणाले. "शून्य पूर्णांक शून्य एक. दोन वर्षं झाली, जागचा हालला न्हाई."

"आन् माझा?"

"तुमचा आजार मुळापासून गेलाच न्हाई, किशनराव. गेला असता तर शून्य आलं असतं." मास्तरांनी हातातल्या काडीनं मातीत आकडे मांडायला घेतले. मुलांना शिकवताना लागायचा तसाच सूर त्यांना लागला. "सहा महिन्यांत सहाचे पंधरा झाले. म्हंजी अडीच पट. साध्या व्याजानं धरलं तर लई वेळ हाय. पण हा आजार साधं व्याज खात न्हाई, हा चक्रवाढ खातो. दीडाचे पावणेचार, पावणेचाराचे साडेनऊच्या आसपास. पुढची संक्रांत धरा."

"पुढच्या संक्रांतीला काय?"

"गणित तेवढंच सांगतं," मास्तर म्हणाले आणि त्यांनी पायानं माती सारखी केली. त्यांचा आवाजही जरा बसला होता. मित्राचं वाईट व्हावं असं त्यांच्या मनात कधीच नव्हतं, पण गणित सुटल्याचा थोडा आनंद गणिताच्या मास्तराला होणारच, त्याला कुणी काय करावं. त्यांनी आकडा मांडला होता. त्या आकड्याखाली मरण लिहिलं ते किशनरावांनी, आपल्या मनानं, घरी जाता जाता.

किशनरावांना मरायची भीती वाटत होती का? वाटत होती, खूप वाटत होती. पण त्यांना त्याहून मोठी धास्ती होती ती काम राहून जायची. याला कारण त्यांचे वडील. भूकंपाच्या साली धाकट्या भावाचं लग्न ठरलं होतं. ज्येष्ठातच उरकून घ्या, असं पाव्हणे म्हणत होते. वडील म्हणाले, घाई काय, दिवाळीनंतर बघू. गणपती उठले आणि त्याच पहाटे जमीन हालली. दिवाळीला वडील नव्हते, घर नव्हतं. भावाच्या डोक्यावर अक्षता पडल्या त्या पुढच्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या शेडसमोर, आणि त्या मांडवात किशनराव लेकरासारखे रडले. तेव्हापासून हा माणूस काही पुढं ढकलत नाही. विजेचं बिल आल्या दिवशी भरतो, एसटीच्या आधी तासभर स्टँडवर जाऊन बसतो, बियाणं गावात सगळ्यांच्या आधी आणतो आणि मग पाऊस येईपर्यंत त्याची राखण करत बसतो.

पुढची संक्रांत म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढं एकच राहिलेलं काम आलं, आणि ते म्हणजे पुनम. मुलाची, सुदर्शनची, ही एकुलती लेक किशनरावांच्या अंगाखांद्यावर वाढलेली. उमरीच्या व्यंकटरावांनी गेल्या साली तिला मागणी घातली होती. मुलगा नांदेडला बँकेत. तेव्हा किशनरावच म्हणाले होते, आमची पोरगी डॉक्टर होणार हाय, सध्या विषय नको. आता त्यांनी घरात मास्तरांचं गणित सांगितलं आणि स्वतःहून फोन लावला. उमरीची माणसं आली, पोहे झाले, सुपारी फुटली, फाल्गुनातला मुहूर्त निघाला. सुदर्शन एकदा म्हणाला, "दादा, तिची परीक्षा मे महिन्यात हाय." किशनराव म्हणाले, "माझ्या डोळ्यादेखत अक्षता पडू दे. पुढं परीक्षा काय, कवाबी देता येती." मरायला निघालेल्या बापापुढं कोणता मुलगा वाद घालेल? पुनमला फोनवर सांगितलं. ती "हो आजोबा" एवढंच म्हणाली. केवढी गुणाची पोर, असं किशनराव घरात सगळ्यांना सांगत सुटले.

तिचं सामान आणायला ते स्वतः लातूरला गेले. क्लासच्या भागात ज्या भिंतीकडं बघावं तिथं पास झालेल्या पोरापोरींचे फोटो आणि त्यांच्या डोक्यावर मार्क. खोलीत पुनमनं गादी गुंडाळून ठेवली होती, पुस्तकं पोत्यात भरायची बाकी होती. तिनं आजोबांना पाणी दिलं आणि समोर बसली.

"आजोबा, तुमचा रिपोर्ट मला बघायचाय."

"तुझं काय काम त्यात? पोरीबाळींनी बघायचं नसतंय ते."

"मी जीवशास्त्र शिकते."

"म्हणून काय झालं?"

"त्यात हा धडा आहे," पुनम म्हणाली. "पुरुष प्रजनन संस्था. आकृती काढून नावं द्यायची असतात. प्रोस्टेटवर प्रश्न येतो."

किशनरावांना कुठं तोंड लपवावं कळेना. दीड वर्षं ज्या गोष्टीवर त्यांनी एवढी पांघरुणं घातली, ती गोष्ट या खोलीतल्या पुस्तकात आकृतीसकट छापलेली होती आणि त्यांची नात तिला नावं देत होती. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. तिथं कॅलेंडर नव्हतं.

"आजोबा," पुनम हळूच म्हणाली, "त्या रिपोर्टमुळं मी लग्नाला हो म्हणाले. मग निदान तो वाचू तरी द्या मला."

त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून कागद काढून दिला. तिनं तो वाचला, मागचे दोन कागदही मागून घेतले आणि वाचले.

"आजार परत आलाय, हे यात कुठं लिहिलंय?"

"मास्तरांनी काढलंय. चक्रवाढीनं."

"आणि डॉक्टर काय म्हणाल्या?"

किशनराव पाण्याच्या रिकाम्या पेल्याकडं बघत राहिले. पुनमला काय ते कळलं. तिनं त्यांच्यावर आवाज चढवला नाही, फक्त उठून ओढणी घेतली आणि म्हणाली, "चला. गाडी संध्याकाळची आहे."

भार्गवीबाईंच्या दवाखान्यात गर्दी होती, तरी नंबर लागला. पुनम बाहेर थांबेल असं किशनरावांनी धरलं होतं. ती सरळ आत येऊन शेजारच्या खुर्चीत बसली. बाईंनी कागद बघितले, जळजळ होते का, ताप येऊन गेला का, हाडं दुखतात का, असं विचारलं. किशनरावांनी नाही म्हटलं.

"मागच्या तारखेला का नाही आलात, काका?"

"आता काय राह्यलं म्हणून न्हाई आलो. आजार परत आला म्हणल्यावर."

"कोण म्हणालं?"

"मडिवाळप्पा."

"ते डॉक्टर आहेत?"

"मास्तर हायत. गणिताचे."

बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी मडिवाळप्पांची सगळी हकिगत विचारून घेतली आणि मग म्हणाल्या, "त्यांची गाठ काढून टाकली, काका. पीएसए ती गाठच तयार करते. गाठच नाही तर आकडा येणार कुठून? तुमची गाठ जागेवर आहे. शेकानं आतल्या वाईट पेशी मारल्या, चांगल्या थोड्या उरल्या. त्या थोडं पीएसए करतच राहणार. तुमचं त्यांच्यासारखं शून्य येणारच नव्हतं. तुम्ही दोघांनी वेगवेगळे पेपर दिले आणि मार्क एकमेकांशी जुळवत बसलात."

"पण सहाचे पंधरा झाले."

"झाले. शेक संपल्यावर पहिल्या दोनेक वर्षांत बऱ्याच जणांचा आकडा असा मध्येच चढतो आणि आपला आपण उतरतो. का चढतो, हे आम्हालाही पुरतं सांगता येत नाही. म्हणून आम्ही एका आकड्यावर निकाल देत नाही. सगळ्यात खाली जिथं टेकला होता, तिथून दोननं वर गेला तर आम्ही आजार परत आला असं धरतो. तुमचा सहा दशांशावर टेकला होता. म्हणजे दोन पूर्णांक सहापर्यंत मी काही म्हणणार नाही. तुम्ही दीडावर आहात."

"आन् पुढं गेला तर?"

"तर स्कॅन करू, बघू, इलाज करू. इलाज आहेत, आणि ते बरीच वर्षं चालतात. आकडा वाढला म्हणून माणूस त्या संक्रांतीला मरत नाही."

किशनराव पहिल्यांदाच बाईंच्या तोंडाकडं बघून बोलले. "मग ताई, हा माझा उतरणारा हाय का चढणारा?"

"ते आज सांगता येणार नाही. तीन महिन्यांनी रक्त द्या."

"तुमचा अंदाज?"

"अंदाज मास्तरांनी दिलाय ना," बाई म्हणाल्या. "मी तपासून सांगते."

दवाखान्यासमोर चहाच्या गाड्याशी दोघं बसली. किशनरावांना वाटलं होतं, बाई एकतर 'वाचलात' म्हणतील, नाहीतर 'गेलात'. दोन्हींची त्यांनी तयारी केली होती. 'तीन महिन्यांनी' याची तयारी त्यांच्याकडं नव्हती. तीन महिन्यांनी वैशाख लागणार आणि फाल्गुनात लग्न. उद्या आकडा उतरला तर? ठणठणीत आजोबा आणि उमरीच्या घरात भाकरी थापणारी नात. आणि चढला तर? चढला तर त्यांचं जे व्हायचं ते होईल, पण त्यात पुनमची काय चूक? उतरला काय नि चढला काय, पोरीचं गेलेलं वर्ष दोन्हीकडं गेलेलंच. हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही, या विचारानं त्यांना स्वतःचा राग आला. मरण आपलं, भीती आपली, आणि तिची किंमत आपण या लेकराकडून घ्यायला निघालो होतो, हे त्यांना चहाचा कप हातात धरून उमगलं. कप त्यांनी तसाच बाकावर ठेवला.

पुनमनं एकदाही 'लग्न' हा शब्द काढला नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

"गादी सोड," किशनराव म्हणाले.

"काय?"

"गुंडाळलेली गादी सोडून टाक म्हणतो. मी एकटाच जातो."

ते घरी गेले नाहीत. घरी गेलं असतं तर सुदर्शन, कस्तुराबाई, मास्तर, सगळ्यांशी बोलावं लागलं असतं आणि त्यात उद्याचा दिवस गेला असता. ते नांदेडची गाडी धरून निघाले, रात्री नांदेडात एका नातलगाकडं टेकले आणि सकाळी उमरीला व्यंकटरावांच्या दारात उभे राहिले.

होणाऱ्या सोयऱ्याला अचानक दारात बघून व्यंकटराव गडबडले. पाणी झालं, चहा झाला. कार्यालयाचं कुठवर आलं ते सांगायला त्यांनी सुरुवात केली.

"व्यंकटराव," किशनराव म्हणाले, "मी लगीन मोडायला आलोय."

व्यंकटरावांची बशी हातातच राहिली. "काय चुकलं आमचं?"

"तुमचं काही न्हाई. मी मरतोय म्हणून घाई केली होती. आता माझ्या मरणाचा भरवसा न्हाई राह्यला."

हे वाक्य बोलून झाल्यावर ते केवढं विचित्र आहे, हे किशनरावांच्याही ध्यानात आलं. पण मागं घेण्यासारखं त्यात काही नव्हतं. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आपला आजार नावासकट सांगितला. गाठ कुठली, शेक कशाचे, आकडा किती. आतल्या दाराशी बायका ऐकत होत्या, तरी ते थांबले नाहीत.

व्यंकटराव वाईट माणूस नव्हते, पण त्यांच्या घरी पत्रिका छापायला गेली होती. "म्हंजी बरे झालात म्हणा की," ते म्हणाले. "चांगलंच हाय. मग लगीन कशाला मोडायचं?"

"बरा झालो का न्हाई ते तीन महिन्यांनी कळंल."

"आन् तीन महिन्यांनी वाढला आकडा, तर? मग परत आमच्याच दारात येणार, लगीन करा म्हणून? आमचं पोरगं तवर थांबायचं न्हाई, आधीच सांगतो."

"थांबवू नका. दुसरी चांगली पोरगी बघा त्याला." किशनराव उठले आणि त्यांनी हात जोडले. "वाढला आकडा तर मी मरंल कवातरी. त्यात पोरीचं लगीन कशाला?"

व्यंकटराव निरोप द्यायला उठले नाहीत. चार शब्द लागतील असे बोलले, पाव्हण्यारावळ्यांत आमची शोभा केली म्हणाले. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, म्हणून किशनरावांनी ते उभ्यानं ऐकून घेतलं आणि मगच चपला घातल्या.

नांदेडच्या स्टँडवर आल्यावर त्यांनी पुनमला फोन लावला. ती अभ्यासिकेत होती, बाहेर येऊन बोलली. "मोडलं," एवढंच त्यांनी सांगितलं. फोन कटला का म्हणून त्यांनी तो कानापासून दूर धरून बघितला. मग तिचा आवाज आला, भिजलेला.

"आजोबा, तुम्हाला माझं लग्न बघायचं होतं."

"हाव. मला बघायचं होतं. अजूनबी बघायचंय," किशनराव म्हणाले. "पण तुला करायचं होतं का, ते कुणी इचारलंच न्हाई. आता इचारतो. करायचं होतं का?"

"नाही," पुनम म्हणाली.

त्यांनी "बरं" म्हटलं. लातूरची गाडी लागली होती, पण ती सुटायला अजून वेळ होता, म्हणून ते फोन कानाला लावून तसेच उभे राहिले आणि तिचं रडणं ऐकत राहिले.